रामटेकहून निघालेला ढग

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघालं की मनसर लागतं आणि तिथून उजवीकडे वळलं की रामटेक. अंतर पन्नासेक किलोमीटर. गडावर राम-लक्ष्मणाची देवळं, खाली अंबाळा तलाव आणि टेकडीवरच कालिदासाचं स्मारक. पावसाळ्यात रविवारी इथे नागपूरकरांची झुंबड उडते. भुट्टे खातखात लोक खालच्या शेतांवरून सरकणाऱ्या ढगांचे फोटो काढतात. याच टेकडीवर कालिदासाच्या ‘मेघदूता’तल्या शापित यक्षाने दूरच्या बायकोसाठी ढगाला निरोप्या केलं, अशी विदर्भाची पक्की समजूत आहे.

‘मेघदूत’ म्हटलं की विरह आठवतो. पण या काव्याच्या पाचव्याच श्लोकात कालिदास एक खोडी काढतो. यक्ष ढगाचं स्वागत करून मोकळा होतो आणि कवी मध्येच तोंड घालतो: अरे, ढग म्हणजे धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा गोळा, निरोप न्यायला शहाणीसुरती, धडधाकट इंद्रियांची माणसं लागतात. ही शंका यक्षाची नव्हे, कवीची. ढग कशाचा बनतो हे आधी रोखठोक सांगायचं आणि मग तेच बाजूला ठेवून पुढचे शंभरेक श्लोक त्याच ढगाशी बोलत राहायचं. विज्ञान आणि कविता यांचा संबंध इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी मांडला असेल.

हा ढग युरोपात पोचला तो कोलकात्यामार्गे. होरेस हेमन विल्सन हा ईस्ट इंडिया कंपनीचा तरुण शल्यवैद्य १८०८ साली कोलकात्यात उतरला. त्याला रसायनाचं ज्ञान होतं, म्हणून त्याची नेमणूक टांकसाळीत झाली. दिवसा सोन्या-चांदीचा कस लावायचा आणि उरल्या वेळात संस्कृत शिकायचं, असा त्याचा दिनक्रम. १८१३ मध्ये त्याने मेघदूताचं इंग्रजी पद्य भाषांतर मूळ संहितेसह छापलं आणि त्याला भरघोस टिपा जोडल्या. काव्यात यक्ष जिथे राहतो तो रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक असावं, हा तर्क या टिपांमध्येच आहे. तेव्हा नागपूरच्या गादीवर दुसरे रघूजी भोसले होते आणि रामटेकचा गड त्यांच्या अमलाखाली होता. आपल्या राज्यातल्या टेकडीची अशी चर्चा कोलकात्याच्या छापखान्यात चालली आहे, याची दरबारात कुणाला वार्ता असेल असं वाटत नाही.

त्याच्या काही वर्षं आधी लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड हा औषधं बनवणारा गृहस्थ आकाशाकडे बघत होता. १८०२ च्या डिसेंबरात एका छोट्या अभ्यासमंडळापुढे त्याने निबंध वाचला आणि ढगांना लॅटिन नावं दिली. पिसासारखे ते सिरस, ढिगासारखे ते क्युम्युलस, थरासारखे ते स्ट्रेटस आणि पाऊस देणारे ते निंबस. तोवर ढग ही इतकी चंचल वस्तू मानली जाई की तिला नावं देण्याच्या भरीस सहसा कुणी पडत नसे. वाईमारमध्ये बसलेल्या ग्यॉटेच्या हाती हे लिखाण १८१५ च्या आसपास पडलं आणि तो हरखून गेला. तो नुसता कवी नव्हता. हवामानाच्या नोंदी ठेवण्याची हौस त्याला होती आणि निरीक्षणकेंद्रं उभारण्यातही त्याचा हात होता. १८२१ च्या सुमारास त्याने हॉवर्डच्या गौरवार्थ कविता पूर्ण केली. तिच्यात ढगांच्या प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र कडवं आहे. ताजं शास्त्रीय वर्गीकरण जसंच्या तसं उचलून त्याची कविता करण्याचं इतकं जुनं आणि इतकं मोठ्या कवीचं उदाहरण शोधूनही सापडणं कठीण.

आता गंमत अशी की, ही कविता सुरू होते ‘कामरूप’ नावाच्या देवतेच्या उल्लेखाने. कामरूप म्हणजे मनाला येईल ते रूप घेणारा. मेघदूतात यक्ष ढगाला जी विशेषणं लावतो त्यांतलं हे एक. ग्यॉटेने विल्सनचं भाषांतर वाचलं होतं आणि त्याची स्तुतीही केली होती. विशेषणाची देवता कशी झाली हा भाग सोडून देऊ. दूरच्या वाचकाकडून एवढं व्हायचंच. पण हवामानशास्त्राच्या एका मोठ्या पावलाचं स्वागत करताना जर्मन कवीला जो शब्द सुचला तो रामगिरीवरून गेलेला होता. हॉवर्डला मात्र ग्यॉटेसारखा माणूस आपली चौकशी करतो आहे हे आधी खरंच वाटेना. कुणीतरी आपली थट्टा करतंय असाच त्याचा समज झाला.

विल्सनचा तर्क तर्कच राहिला असता. टीकाकार मल्लिनाथाने रामगिरी म्हणजे चित्रकूट असं सांगून ठेवलं होतं आणि छत्तीसगडातल्या सरगुजाच्या रामगडचाही दावा होता. नागपूरची बाजू भक्कम केली ती महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी. मूळचे कोकणातले मिराशी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवत आणि ताम्रपट वाचण्यात त्यांचा हात धरणारे थोडेच होते. त्यांचं ‘कालिदास’ हे मराठी पुस्तक १९३४ चं. त्यांचा मुख्य साक्षीदार होता एक ताम्रपट. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला सापडलेला हा पट वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिने दिला आहे, आणि दिला आहे तो रामगिरिस्वामीच्या पायांपाशी बसून. ही राणी म्हणजे दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. तिची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकपासून हाकेच्या अंतरावरचं आजचं नगरधन. उज्जैनशी नातं असलेला चंद्रगुप्ताचा दरबारी कवी या लेकीच्या राज्यात आला असेल, रामगिरीवरून त्याने आभाळ पाहिलं असेल, हे मिराशींचं म्हणणं. नगरधनला २०१५ ते २०१८ या काळात राज्याच्या पुरातत्त्व विभागाने आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तेव्हा प्रभावतीगुप्तेच्या नावाची, शंखाचं चिन्ह असलेली मातीची मुद्राही हाती लागली. कवी तिथे होता याचा पुरावा ती देत नाही, राणी होती याचा देते.

दुसरा वाद तारखेचा, आणि हवामानाच्या दृष्टीने तोच जास्त रसाळ. यक्षाला ढग दिसतो तो आषाढाच्या कोणत्या दिवशी? प्रचलित पाठ ‘प्रथम’ असा आहे. काही जुन्या प्रतींत ‘प्रशम’, म्हणजे महिना सरतानाचा दिवस. शापाचे चार महिने उरलेत आणि विष्णू शेषशय्येवरून उठला की तो संपणार, असं यक्ष पुढे सांगतो. मग कार्तिकी एकादशीपासून मागे बोटं मोजायची. दोन्ही बाजूंच्या पंडितांनी ती भरपूर मोजली. त्यात आणखी एक मेख आहे. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडे पौर्णिमेला. उत्तरेचा हिशेब धरला तर आषाढ लागतो ज्येष्ठी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पंधरवडाभर आधी, बहुधा जूनमध्येच. मृग लागून विदर्भातला शेतकरी मान वर करून बसतो तो हाच काळ, आणि नागपुरात मोसमी पाऊस साधारण याच वेळी दाखल होतो. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानेही बृहत्संहितेत पाऊस मोजायला सुरुवात करायची ती ज्येष्ठी पौर्णिमा उलटल्यावर, असंच सांगितलं आहे, तेही पद्यात. पंडितांचा चार महिन्यांचा हिशेब या मार्गाने बिघडतो हे खरं, पण आभाळाचा हिशेब जुळतो.

पुन्हा त्या पाचव्या श्लोकातल्या धुराकडे वळू. पाणी, वारा ठीक. ढगात धूर कशाला? १८८० मध्ये जॉन एटकन या स्कॉटिश संशोधकाने काचेची दोन भांडी घेतली. एकात साधी हवा, दुसऱ्यात कापसातून गाळलेली. दोन्हींत वाफ सोडली. साध्या हवेत दाट धुकं झालं, गाळलेल्या हवेत काहीच नाही. वाफेला थेंब व्हायला आधी कशावर तरी बसावं लागतं: धूळ, समुद्राच्या मिठाचा कण, चुलीची किंवा वणव्याची काजळी. ढगातला एकेक थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका, आणि असे दहा लाखांच्या घरात थेंब एकत्र आले की पावसाचा एक थेंब. धूर फारच झाला तर उलटं होतं. तेवढंच पाणी जास्त कणांत वाटलं जातं, थेंब बारीक राहतात आणि पाऊस रखडतो.

याचा अर्थ कालिदासाला एरोसोल ठाऊक होते असा कुणी लावू नये. असली वाक्यं हल्ली व्याख्यानांतून टाळ्या घेतात, पण त्यात कवीचाही मान राहत नाही आणि एटकनचाही. त्या काळी ढगात धूर असतो ही समजूत होती, प्रयोग नव्हता. कालिदासाचं मोठेपण बघण्यात आहे. त्याचा ढग आम्रकूट पर्वतावरचा वणवा विझवतो, पाणी सांडून हलका होतो, रेवेचं पाणी पिऊन पुन्हा जड होतो, म्हणजे वारा त्याला भिरकावू शकत नाही. त्याच्या गडगडाटाने जमिनीतून अळिंबी फुटते. विदर्भात मोहफुलं वेचायला पाचोळा जाळतात, त्याचा धूर उन्हाळ्यात जंगलांवर साचलेला असतो. आणि पहिल्या मेघगर्जनेनंतर रानात अळिंबी शोधायला निघणारी माणसं आजही आहेत.

मराठीत हे काव्य अनेकांनी आणलं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बा. भ. बोरकर, शांता शेळके अशी ही रांग आहे. देशमुखांसारखा रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर मेघदूताच्या मंदाक्रांता वृत्ताची सतरा अक्षरं जुळवत बसतो, हे दृश्य मराठी वाचकाला फारसं नवलाचं वाटत नाही.

मेघदूतातल्या पक्ष्याचाही आता शास्त्रीय पाठलाग सुरू आहे. काव्यात ढगाच्या डाव्या बाजूला चातक गोड बोलतो. आपण ज्याला चातक म्हणतो तो काळा-पांढरा, तुरेवाला कोकीळवर्गीय पक्षी पावसाबरोबर मध्य आणि उत्तर भारतात येतो. २०२० साली डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी अशा दोन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी इवली यंत्रं बसवली, त्यांचा प्रवास आणि मोसमी वारे यांचं नातं तपासायला. पक्ष्यांना नावं दिली ‘मेघ’ आणि ‘चातक’.

आणि ढगाच्या मागे तर विमानंच लागली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने २००९ पासून ढगांत विमानं घालून कण आणि थेंब मोजले. पुढे सोलापूरच्या पर्जन्यछायेत २७६ ढग निवडून त्यांतल्या काहींत मिठासारखे पाणी ओढणारे कण सोडले आणि काही मुद्दाम तसेच सोडून दिले. ठरावीक क्षेत्रात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष निघाला. तोही सरसकट सगळ्या ढगांना लागू नाही. मुळात ढगात दम असावा लागतो.

याच संस्थेने मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यातल्या सिलखेडा इथे शंभर एकरांवर मोसमी ढगांची वेधशाळा उभारली. तिचा पहिला टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. नकाशावर बोट ठेवून पाहिलं तर जागा ओळखीची निघते. रामगिरीवरून उत्तरेला निघालेला ढग नर्मदा ओलांडून विदिशेला पोचतो, वेत्रवतीचं पाणी पितो. तिथून यक्षाच्या अलकानगरीचा रस्ता सरळ उत्तरेचा. पण यक्ष त्याला अडवतो आणि म्हणतो, वाट वाकडी झाली तरी चालेल, उज्जयिनी बघितल्याशिवाय जाऊ नकोस. विदिशेहून पश्चिमेला उज्जैनकडे वळायचं तर आडवा येतो तो हाच सीहोरचा मुलूख. तिथे आता रडार आभाळाकडे तोंड करून उभे आहेत, आणि वरून जाणाऱ्या ढगात पाणी किती, थेंब केवढे, याची नोंद रात्रंदिवस चालू असते.