वस्तऱ्याचा चामडी पट्टा

वस्तऱ्याचा चामडी पट्टा हे दाढीच्या उघड्या वस्तऱ्याची धार सरळ व तुळतुळीत राखण्याचे साधन आहे. हिंदीत त्यास ‘चमोटा’ म्हणतात. गावगाड्यातील बारा बलुतेदारांपैकी न्हावी याच्या धोकटीत वस्तरा, धारेचा दगड, आरसा, वाटी व कात्री यांसोबत चामड्याचा तुकडाही असे. विसाव्या शतकात सुट्या पात्यांचा प्रसार झाल्यावर पट्ट्याचा वापर कमी होत गेला. किंग जिलेट यांना सुट्या पात्याच्या वस्तऱ्याचे अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये मिळाले. आज केशकर्तनालयांत बहुधा ब्लेड बदलता येणारा वस्तरा वापरतात. त्याला पट्ट्याची गरज नसते. जुना वस्तरा जपणाऱ्या किंवा स्वतःची दाढी त्याने करणाऱ्या व्यक्तींकडे मात्र पट्टा अजून आढळतो.

कार्य

दगड आणि पट्टा यांचे काम भिन्न आहे. दगड पोलाद झिजवून नवी धार काढतो. दाढी करताना धारेची अतिसूक्ष्म कड वाकते. पट्टा ती सरळ करून तिला झिलई देतो. त्यामुळे दगडाची गरज क्वचित लागते आणि पाते दीर्घकाळ टिकते.

पट्ट्यावर वस्तरा नेहमी पाठ पुढे व धार मागे ठेवून ओढतात. टोकाला पोहोचल्यावर तो पाठीवर उलटवून परत आणतात. धारेवर उलटवल्यास चामडे कापले जाते. पट्टा ताणलेला असावा. तो सैल असल्यास झोळ पडून धार गोलसर व बोथट होते. पाते हलक्या हाताने, पाठ व धार दोन्ही टेकवून फिरवावे. काही पट्ट्यांना चामड्यामागे जाड सुती किंवा तागी कापडाची दुसरी पट्टी असते. तीवर आधी वस्तरा फिरवून मग चामड्यावर घेतात.

चामडे

पट्ट्यासाठी वनस्पतिजन्य टॅनिनने कमावलेले, जाड, एकसारखे व न ताणले जाणारे चामडे योग्य ठरते. कोल्हापूर परिसरात चपलांच्या चामड्यासाठी बाभळीची साल व हिरडा वापरून कातडे कमावण्याची परंपरा आहे. हे चामडे याच वर्गातील होय. क्रोमियम क्षारांनी कमावलेले चामडे तुलनेने मऊ व ताणले जाणारे असते.

टॅनिनयुक्त चामड्याचा लोहाशी ओलसरपणात संयोग झाल्यास काळे डाग पडतात. हिरडा व हिराकस यांपासून काळी शाई बनवण्यामागेही हीच रासायनिक क्रिया आहे. म्हणून वस्तरा पूर्ण कोरडा करूनच पट्ट्यावर घ्यावा.

निगा

पट्टा बिघडण्याचे एक प्रमुख कारण अतिरेकी तेल हे आहे. तेल जास्त झाल्यास चामडे फुगते, मऊ पडते, धूळ धरते आणि पात्याखाली दबून धार गोल करते. नियमित वापरातील पट्ट्यास स्वच्छ, कोरड्या तळहाताने चोळणे बहुतेक वेळा पुरेसे असते. त्याने धूळ निघते आणि हाताचा अल्प स्निग्धांश चामड्यास मिळतो.

चामडे कोरडे, खरखरीत वाटू लागल्यासच तेल द्यावे. दोन-चार थेंब तळहातावर घेऊन पातळ पसरावे, रात्रभर मुरू द्यावे आणि उरलेले पुसून काढावे. गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले नीट्सफूट तेल यासाठी प्रसिद्ध आहे. एरंडेलही अत्यल्प प्रमाणात चालते. जवसाचे तेल हवेत सुकून चिकट थर बनवते, म्हणून ते टाळावे. बुटाचे पॉलिश व मेण यांनी पृष्ठभाग गुळगुळीत होऊन पात्याला आवश्यक ओढ राहत नाही.

मळ साचल्यास किंचित ओलसर कापडाने पुसून पट्टा सावलीत वाळवावा. लहान चीर बारीक पॉलिश कागदाने समतल करता येते. खोल काप पडल्यास पट्टा बदलावा. क्रोमियम ऑक्साइडसारखी घर्षक पेस्ट रोजच्या चामड्यास लावू नये. तिच्यासाठी वेगळा पट्टा ठेवावा. पट्टा घडी न घालता टांगून ठेवावा.

पावसाळा व महापूर

शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड हे पंचगंगेच्या काठी, कृष्णा-पंचगंगा संगमाच्या नरसोबावाडीजवळ वसलेले आहे. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांची झळ या तालुक्यास बसली. अशा भागात चामड्यास बुरशीचा धोका मोठा असतो. पावसाळ्यात पट्टा भिंतीला न टेकता हवेशीर जागी टांगावा. बंद पेटीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये. बुरशी दिसल्यास ती घराबाहेर कोरड्या कापडाने पुसून पट्टा सावलीत वाळवावा. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवल्यास चामडे आकसते व तडकते.

पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते आणि चामडे उकळून निर्जंतुक करता येत नाही. त्यामुळे पुरात भिजलेला पट्टा दाढीच्या वस्तऱ्यासाठी पुन्हा वापरू नये. पूर्वजांची आठवण म्हणून तो जपायचा असल्यास चिखल स्वच्छ पाण्याने धुवावा, पाणी कापडाने टिपावे, पट्टा सपाट ठेवून सावलीत अनेक दिवस वाळवावा आणि शेवटी अल्प तेल द्यावे.

आरोग्यविषयक दक्षता

वस्तऱ्याने त्वचा कापल्यास रक्ताचा अंश पात्यावरून पट्ट्यावर जाऊ शकतो. हेपॅटायटिस-बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा पट्टाही म्हणून सुरक्षित मानता येत नाही. एक वस्तरा व एक पट्टा एकाच व्यक्तीने वापरावा. अनेक ग्राहकांसाठी प्रत्येकी नवे ब्लेड हाच योग्य पर्याय आहे.