वडिलोपार्जित म्हणजे नेमकं कोणी कमावलेलं?

तेल्हाऱ्यात वावर विकायचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "ॲन्सेस्ट्रल प्रॉपर्टी आहे, नातवाची सही लागते." बरेचदा हे चूक असतं. पण ते हवेतून आलेलं नाही, मंडळी.

शब्द फोडून बघा. वडिलोपार्जित, म्हणजे वडिलांनी उपार्जित, कमावलेलं. इथे वडील म्हणजे फक्त बाबा नाहीत, वाडवडील. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेनुसार अशा मिळकतीत मुलाचा हक्क जन्मापासून. आजोबांनी घाम गाळून घेतलेलं वावर त्यांच्या हयातीत त्यांचंच. पण ते गेले आणि वावर बाबांकडे आलं, की ते बाबांच्या हातात वडिलोपार्जित झालं. नातू जन्मला की त्याचा हिस्सा पक्का. तेव्हा हा शब्द अगदी बरोबर होता.

मग १७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा लागू झाला. (त्याच वर्षी १ नोव्हेंबरला वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलं. ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं, हे नाही.) त्याच्या कलम ८ ने आजोबांची स्वकमाई बाबांकडे येते ती बाबांची स्वतःची म्हणून. नातवाला त्यात जन्मापासून काही नाही. तरी कोर्टात वाद चालूच राहिले. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका बाप-लेकाच्या वेल्थ टॅक्सच्या खटल्यात, चंदर सेन प्रकरणात, हेच स्पष्ट केलं. कायदा बदलला, आपल्या तोंडातला शब्द तोच राहिला.

आता खरी गोम. हाच शब्द बहिणीला गप्प करायला वापरतात. वावर वडिलोपार्जित असेल तर "मुलीला काय त्यात?", नसेल तर "हे तर बाबांनी घेतलेलं, तुझा संबंध नाही." दोन्ही चूक! बाबांची स्वकमाई असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ पासूनच मुलगी, मुलगा, आई, सगळ्यांना सारखा वाटा. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्या वगळल्या. २००५ मध्ये केंद्राने तीही अट काढली. २०२० च्या विनीता शर्मा निकालाने सांगितलं, २००५ मध्ये बाप हयात असण्याची गरज नाही.

सातबाऱ्यावर फक्त भावांची नावं चढली म्हणूनही हक्क जात नाही, फेरफार महसुलाच्या कामाचा. रजिस्टर हक्कसोडपत्रावर सही केली असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.