भूल आणि भान

ज्या नगराला आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात, तें औरंगाबाद १८८९ सालीं निजामाच्या राज्यांत होतें, आणि मराठवाड्याचा शेतसारा हैदराबादच्या खजिन्यांत जमा होत असे. त्या वर्षीं हैदराबादेंत एक विलक्षण खर्च झाला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारनें लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाला एक हजार पौंड देऊं केले, आणि शरीरशास्त्राचा एखादा नामांकित पंडित हैदराबादेस पाठवावा, एवढीच विनंती केली. निकालांत काढावयाचा प्रश्न एकच होता. क्लोरोफॉर्म हुंगवून निजविलेला मनुष्य शस्त्रक्रियेच्या मेजावरच दगावतो, तेव्हां आधीं काय थांबतें, श्वास कीं हृदय?

हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नव्हता. बोस्टन येथें १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं मॉर्टन यानें ईथरची भूल चारचौघांसमक्ष देऊन दाखविली, व दुसऱ्याच वर्षीं एडिंबरोच्या सिम्प्सननें क्लोरोफॉर्म प्रचारांत आणला. तोंवर रोग्याला दोरांनीं बांधून किंवा बळकट माणसांकरवीं धरून ठेवून कापाकापी करावी लागे. तें दुःख एकाएकीं नाहींसें झालें. परंतु १८४८ च्या जानेवारींत न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नांवाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचें नख काढतांना क्लोरोफॉर्मखालीं मरण पावली. नखाच्या दुखण्यानें कोणी मरत नसतें. ही मुलगी औषधानेंच मेली, हें उघड होतें, आणि तेव्हांपासून वैद्यांच्या मनांत धास्ती बसली.

एडिंबरोच्या सायम या शस्त्रवैद्याची शिकवण अशी कीं, श्वासावर नजर ठेवा, म्हणजे अपघात होणार नाहीं. इतर कित्येकांचें म्हणणें असें कीं, क्लोरोफॉर्म हृदयावर थेट घाला घालतो. नाडी हातीं धरून बसलें पाहिजे. ग्लासगो येथील एका समितीनें १८८० सालीं दुसऱ्या पक्षाला पुष्टि दिली. सायमचा शिष्य एडवर्ड लॉरी हा त्या वेळीं हिंदुस्थानांत होता. पुढें तो हैदराबादच्या रेसिडेन्सीचा सर्जन व तेथील वैद्यकशाळेचा मुख्य झाला. ही शाळा १८४६ सालीं, म्हणजे ईथरच्याच वर्षीं, निघाली होती; तेथें प्रारंभीं उर्दूंत शिकवीत आणि उत्तीर्ण विद्यार्थ्यास 'हकीम' ही पदवी देत. सायमचें मत सिद्ध करून दाखविण्याचा लॉरीनें ध्यासच घेतला.

१८८८ सालीं पहिलें क्लोरोफॉर्म कमिशन बसलें. त्यानें कुत्र्यांवर प्रयोग केले, आणि श्वास आधीं थांबतो, हृदय मागून, असा निर्णय दिला. 'लॅन्सेट'ला तो पटला नाहीं. तेव्हां निजाम सरकारनें वर सांगितलेली रक्कम पुढें केली, व दुसऱ्या कमिशनसाठीं लॉडर ब्रंटन हा विख्यात औषधिशास्त्रज्ञ हैदराबादेस आला. त्याच्यासह लॉरी, बॉमफर्ड व डॉ. रुस्तमजी हे बसले. कुत्रे, माकडें, बकरे, घोडे, मांजरें, ससे मिळून चारशेंहून अधिक जनावरांवर प्रयोग झाले. कित्येकांच्या रक्ताचा दाब यंत्रानें कागदावर रेखला गेला. ब्रंटन हृदयाच्या पक्षाचा म्हणून आला होता. परंतु त्यानेंही अखेर तारेनें कळविलें कीं, धोका श्वास कोंडण्याचा व अतिमात्रेचा आहे, हृदयाला थेट नाहीं. लॉरीचा जय झाला. नाडी पाहण्याची गरजच नाहीं, असें तो उघड शिकवूं लागला.

याच शाळेंत रूपाबाई फर्दुनजी या पारशी युवतीनें १८८९ सालीं हकीमची पदवी मिळविली. क्लोरोफॉर्म देण्याच्या कामांत त्या वाकबगार झाल्या, आणि पुढें अनेक वर्षें हैदराबादच्या रुग्णालयांत त्यांनीं तेंच काम केलें. जगांतील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत आज त्यांची गणना होते. स्त्रियांनीं वैद्यक शिकावें कीं नाहीं याचाच खल सर्वत्र चालला असतां, रोग्याचा श्वास मोजीत एक स्त्री दक्षिणेंत उभी होती, ही गोष्ट मोठी आहे.

तथापि कमिशनचा निर्णय टिकला नाहीं. केंब्रिजच्या गॅस्केल व शोर यांनीं १८९३ सालीं हृदयावरचा परिणाम दाखवून दिला. मग १९११ सालीं गुडमन लेव्ही यानें मांजरांवरील प्रयोगांत खरा धागा पकडला. अपघात खोल झोंपेंत होत नसून बहुधा अर्धवट भुलेंत होतो. औषध थोडेंसें गेलें आहे, मनुष्य पुरता निजला नाहीं, घाबरून धडपडतो आहे, अशा वेळीं भीतीनें शरीरांत जो अॅड्रेनॅलिन नांवाचा रस उसळतो, त्यानें क्लोरोफॉर्मनें हळवें झालेलें हृदय ताल सोडून नुसतें थरथरूं लागतें. रक्त पुढें ढकललें जात नाहीं, आणि मृत्यु येतो. हैदराबादच्या मंडळीनें मात्र मुख्यतः खोल भुलेंतील मरण तपासलें होतें. त्यांनीं जें पाहिलें तें खरें होतें. जें पाहिलें नाहीं त्याविषयींही त्यांनीं निर्णय दिला, ही त्यांची चूक.

ही चूक लहान मानूं नये. जागेपण आणि झोंप यांच्यामध्यें एक तिसरा प्रदेश आहे, आणि घात तेथेंच होतो, हें त्या चुकीनें शिकविलें. याच प्रदेशाचें दुसरें टोंक शस्त्रक्रियेनंतर लागतें. जॉर्ज सॅव्हेज या इंग्रज मनोवैद्यानें १८८७ सालींच लिहून ठेवलें होतें कीं, भूल घेतलेले कांहीं रोगी शुद्धीवर आल्यावरही भ्रमांत राहतात. १९५५ सालीं बेडफर्ड यानें त्याच 'लॅन्सेट'मध्यें वृद्धांविषयीं असाच इशारा दिला, आणि अगदीं अवश्य असेल तरच म्हाताऱ्यांवर शस्त्रक्रिया करावी, असें सुचविलें. डोळे उघडे असतात. पण म्हातारा घरच्यांस ओळखत नाहीं, रात्रीं उठून चालूं लागतो, हाताची सुई उपटतो, किंवा उलट गप्प पडून राहतो. यालाच भ्रमावस्था म्हणतात.

याचा दोष भुलेला देणें सोपें होतें, जसा पूर्वीं कोणी श्वासाला व कोणी हृदयाला दिला. परंतु येथेंही एकाच कारणाचा शोध फसला. २०१९ सालीं अमेरिकेंत साठीपुढील १,२३२ रोग्यांची परीक्षा प्रसिद्ध झाली. अर्ध्यांच्या मेंदूच्या विद्युल्लहरी पाहून भूल बेताची ठेवली. त्यांत शेंकडा २६ जणांना भ्रम झाला, आणि नेहमींच्या रीतीनें भूल दिलेल्यांत २३ जणांना. यंत्रानें कांहींच लाभ दिसला नाहीं. खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेंत पुरतें न निजवितां कंबरेखालचाच भाग बधिर करून पाहिला, तरी २०२१ सालच्या अमेरिकन परीक्षेंत भ्रमाचें प्रमाण जवळजवळ तेंच राहिलें.

मग उपाय कोणता? १९९९ सालीं येल येथील इनूय व त्यांचे सहकारी यांनीं रुग्णालयांत आलेल्या सत्तरीपुढील ८५२ रोग्यांवर अगदीं साधे उपाय करून पाहिले. हे रोगी शस्त्रक्रियेचे नव्हते, परंतु भ्रमाचें भय त्यांनाही तितकेंच होतें. म्हाताऱ्याचा चष्मा व कानाचें यंत्र त्याला परत द्यावें, आज वार कोणता हें सांगावें, पाणी पाजावें, हिंडवावें, रात्रीं निजूं द्यावें. नेहमींच्या शुश्रूषेंत शेंकडा १५ जणांना भ्रम झाला, तो या रीतीनें दहांच्या आंत आला. पुढें शस्त्रक्रियेच्या रोग्यांसाठींही हीच दिशा धरली गेली.

१९५६ सालीं औरंगाबादेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. त्याच्या रुग्णालयाला लोक अजून 'घाटी' म्हणतात. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या म्हाताऱ्याच्या उशाशीं घरचें माणूस रात्रभर बसतें. दम लागला, तोंड कोरडें पडलें, बोलण्यांत फरक पडला, हें प्रथम त्यालाच कळतें. परिचारिकेला तें वेळीं सांगितलें, तर तेंही औषधच होय. हैदराबादच्या कमिशनचा सिद्धांत गेला. परंतु निजलेल्या माणसाजवळ कोणी तरी जागें राहून त्याच्याकडे पाहत असलें पाहिजे, ही रूपाबाईंच्या हातची रीत राहिली. फरक एवढाच कीं, आतां ती मेजापाशीं संपत नाहीं. डोळे उघडल्यावरही, भान पुरतें परत येईपर्यंत, ती चालूं ठेवावी लागते.