निजाम गेला तेव्हाची एक भेट

१४ जानेवारी २०२३ रोजी इस्तंबूलमध्ये मुकर्रम जाह वारले. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांचे हे नातू. नावापुरते आठवे निजाम. जन्म फ्रान्सचा, आई उस्मानी तुर्कांच्या शेवटच्या खलिफाची मुलगी, आयुष्याचा बराच काळ ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या फार्मवर गेलेला. पार्थिव हैदराबादला आणलं, चौमहल्ला पॅलेसमध्ये लोकांसाठी ठेवलं आणि मक्का मशिदीच्या आवारात वाडवडिलांशेजारी दफन केलं. मी हे सगळं मोबाईलवर पाहत होतो. मधल्या सुट्टीत एक सहकारी माझ्या खांद्यावरून डोकावले आणि हसून म्हणाले, "काय सर, तुमचा निजाम गेला वाटतं!"

मीही हसलो. माणूस वाईट नाही. माझी मुलगी दवाखान्यात होती तेव्हा आठवडाभर माझे तास त्यांनीच घेतले होते. पण तो 'तुमचा' शब्द घरी येईपर्यंत सोबत राहिला. कारण हाच शब्द आमच्या घरात आधी एकदा बोलला गेला होता, छप्पन्न वर्षांपूर्वी. बोलणारा वेगळा होता, आवाजही वेगळा होता. ती हकिकत मी दादांकडून, दादीकडून आणि अब्बांकडून इतक्या वेळा ऐकली आहे की आता ती लिहून ठेवावी असं वाटतं.

आमचे दादा (वडिलांचे वडील) पिंजारी. बीडपासून दक्षिणेला सोलापूरच्या रस्त्यावर पाली आहे. खजाना बावडी ओलांडून पुढं आलं की आमचं गाव. दिवाळीनंतर दादा खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचे आणि ज्याच्या त्याच्या ओसरीवर बसून गाद्या-रजया भरून द्यायचे. अंगावर इतका कापूस की संध्याकाळी घरी येणारा माणूस पांढरा दिसायचा. निजामाच्या राज्यात 'राज्यकर्ती जमात' म्हणून जिचा उल्लेख होतो, तिच्यातले आम्ही हे असे. जहागीर नाही, इनाम नाही, पोलिसात नोकरी नाही. इस्टेट म्हणजे एक पिंजण.

सातवे निजाम वारले ते २४ फेब्रुवारी १९६७ ला. शुक्रवार होता. दादा त्या दिवशी बीडला होते, आणि एका हॉटेलातल्या रेडिओवर त्यांनी बातमी ऐकली. त्या महिन्यात गावात दुसराच विषय होता. चौथी सार्वत्रिक निवडणूक नुकतीच पार पडली होती आणि बीडनं लोकसभेवर कोणाला पाठवलं, तर क्रांतिसिंह नाना पाटलांना. साताऱ्याचं पत्री सरकार चालवलेला माणूस, कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर, बीडमधून! एकीकडे राजेशाही संपवायला निघालेला माणूस आमचा खासदार झाला आणि त्याच फेब्रुवारीत आमचा जुना राजा मेला. हा योगायोग दादांना फार आवडायचा. मत कोणाला दिलं होतं, हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

हैदराबादेत त्या दिवसांत जे झालं ते पुस्तकांत आहे. आंध्र सरकारनं दुखवटा जाहीर केला, कचेऱ्या बंद ठेवल्या. मक्का मशिदीत जनाज्याची नमाज झाली आणि रस्त्यांवर लाखो लोक उतरले. बायकांनी इतक्या बांगड्या फोडल्या की रस्त्यांवर काचा पसरल्या होत्या असं सांगतात. दफन मात्र पूर्वजांसोबत मक्का मशिदीत नाही, तर किंग कोठीसमोरच्या मस्जिद-ए-जूदीत, आईच्या शेजारी झालं. जवाद नावाचा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला, त्याच्या आठवणीत बांधलेली ती मशीद.

पालीत काय झालं, ते कुठल्याच पुस्तकात नाही.

दादा संध्याकाळी घरी आले आणि दादीला म्हणाले, "बादशा गुजर गए बोलते." दादी भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही. विचारलं एवढंच, "कौनसे?" तिच्या लेखी बादशहा दोन होते. एक हे, आणि एक यांचे वडील, सहावे निजाम महबूब अली पाशा. ते १९११ मध्ये वारले, म्हणजे दादीच्या जन्माच्याही आधी. पण साप चावला तर महबूब पाशांची दुहाई देतात, विष उतरतं, हे तिला तिच्या आजीनं शिकवलेलं. ही दुहाई हिंदू-मुसलमान दोघंही देत. राज्य, कर, फौज यातलं काही खाली पोचलं नाही तरी सापाचा मंत्र तेवढा खेड्यापर्यंत पोचला होता.

रात्री इशाच्या नमाजेनंतर मशिदीत कुजबुज झाली. पूर्वी जुम्म्याच्या खुत्ब्यात निजामाचं नाव घेतलं जायचं, ते म्हाताऱ्यांच्या कानात अजून होतं. दोघातिघांचं म्हणणं पडलं, गायबाना नमाज पढू. पेशइमामांनी सांगितलं, हनफी मसलकात मयत समोर नसताना जनाज्याची नमाज नाही. मसला बरोबरच होता. पण अब्बा म्हणायचे की ते ऐकून सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं. कारण नमाज पढली असती तर दुसऱ्या दिवशी गावात काय बोललं जाईल, ही भीती प्रत्येकाच्या मनात होती. शेवटी फातिहा पढायचं ठरलं. पढली, पण त्याआधी कोणीतरी उठून मशिदीचं दार लोटून घेतलं. अब्बा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. फातिहा त्यांना आठवत नव्हती. दार लोटल्याचा आवाज आठवायचा.

त्या दाराचं कारण १९४८ मध्ये आहे.

१३ सप्टेंबरला भारतीय फौज आत आली आणि १७ तारखेला निजामानं रेडिओवरून शरणागती जाहीर केली. त्याआधीचं दीड-दोन वर्षं कासिम रझवीच्या रझाकारांनी जो धुमाकूळ घातला, तो लपवायचं कारण नाही. गावं जाळली, माणसं मारली, लेव्हीच्या धान्यासाठी शेतकऱ्यांचा छळ झाला. हा रझवी आपल्या मराठवाड्यातलाच, लातूरचा वकील. त्याला विरोध करणारे मुसलमानही होते. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील व्हा असं उर्दूत लिहिलं, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना भर रस्त्यात मारलं. आमच्या किती मुलांना हे नाव माहीत आहे?

आणि शरणागतीनंतर जे झालं, तेही लपवायचं कारण नाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती भारत सरकारनंच त्या वर्षाअखेरीस पाठवली. त्यांनी सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक हानीचे चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. पण बीडही त्या अहवालात आहे. अहवाल कित्येक दशकं कपाटात राहिला. दादीला तो वाचायची गरज नव्हती. तिचं माहेर गेवराईकडचं. तिचा धाकटा भाऊ त्या सप्टेंबरात बाजाराला गेला तो परत आला नाही. वय सतरा, धंदा विणकाम. रझाकार कशाशी खातात, हेही त्याला ठाऊक नसेल.

इकडे पालीत दादा वाचले ते एका मराठा शेतकऱ्यामुळे. अफवा उठल्या त्या रात्री ते स्वतः आले आणि आमचं सगळं घर आपल्या मळ्यातल्या गोठ्यात नेऊन ठेवलं. नऊ दिवस. अब्बांचा जन्म व्हायचा होता. मोठी फूफी तान्ही होती, ती रडली की दादी तिचं तोंड म्हशीच्या कडब्यात दाबून धरायची. त्या शेतकऱ्यांना आम्ही घरात बाबा म्हणतो, मी पण बाबाच म्हणेन.

तर निजाम वारल्याच्या तिसऱ्या दिवशी हे बाबा आमच्या दारात आले. डोक्याला मुंडासं, हातात काठी. आत आले, ओसरीवर घोंगडी होती तिच्यावर बसले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मौतीच्या घरी माणूस बसतो तसे. दादांना कळेना. मग बाबा म्हणाले, "तुमचा राजा गेला म्हणून आलो. भेटून जावं म्हटलं."

दादा मला हे सांगताना इथं नेहमी थांबायचे. "मैं क्या बोलता रे बाबू?" म्हणायचे. राजा आमचा नव्हता असं म्हणावं तर चालत घरी आलेल्या माणसाचा मान जातो. हो म्हणावं तर, ज्याच्या लेव्हीच्या शिपायांनी बाबांच्या वडिलांना चावडीसमोर उन्हात उभं करून मारलं होतं, त्याचं दुःख आपण बाबांसमोर अंगावर घ्यायचं! दादांनी चहा सांगितला.

चहा आला आणि दोघे हिशेब करत बसले. हाली शिक्क्याचे. सात हाली म्हणजे सहा कलदार. कुणी कुणाकडून किती हाली घेतले, सरकी काय भाव होती, बीडच्या बाजारात बैल कितीला मिळायचा. जाताना बाबांनी चंचीतून एक हाली रुपया काढून घोंगडीवर ठेवला. "माझ्या पोरांना याचं काही नाही. तुझ्याकडं राहू दे." एका बाजूला चारमिनार, आणि चारमिनारच्या कमानीत 'ऐन' हे उर्दू अक्षर. ऐन म्हणजे उस्मानचा ऐन. तो रुपया आज माझ्या कपाटात आहे.

बाबा गेल्यावर दादी बाहेर आली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "मेरा भाई गया तब उनो किंग कोठी में बैठे थे." बस. त्या विषयावर ती यापेक्षा जास्त बोलल्याचं कोणालाच आठवत नाही.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, उर्दू-मराठी शिकवणारा मास्तर आहे. तरी माझं मत दादीच्या बाजूनं जातं. निजामानं शरणागतीनंतर आठवड्याच्या आत रेडिओवरून सारा दोष रझवीच्या टोळीवर टाकला. स्वतः १९५० ते १९५६ राजप्रमुख राहिला, वर्षाला पन्नास लाखांचा तनखा घेतला. रझवी तुरुंगातून सुटल्यावर १९५७ मध्ये पाकिस्तानात गेला. बीड, लातूर, नांदेडचा पिंजारी, मोमीन, बागवान कुठं जाणार होता? राज्य त्याच्या नावानं चाललं आणि राज्याची शिक्षा त्याला झाली. उस्मानिया विद्यापीठ, दवाखाने, धरणं ही कामं मोठी आहेत, मी नाकारत नाही. पण बीडला त्या काळात रेल्वेसुद्धा आली नाही. ती आली थेट २०२५ मध्ये, आणि तारीख निवडली १७ सप्टेंबर!

आता आपल्या लोकांचं व्हॉट्सॲप. दर काही महिन्यांनी मेसेज येतो की निजामानं १९६५ च्या युद्धात देशाला पाच हजार किलो सोनं दान दिलं. मीही एकदा पुढं पाठवला होता, खोटं कशाला बोलू. नोंद सांगते ती अशी की त्यांनी सुमारे ४२५ किलो सोनं सरकारच्या सुवर्ण रोख्यांत गुंतवलं, साडेसहा टक्के व्याजानं. गुंतवणूक होती, दान नव्हे. आपली देशभक्ती सिद्ध करायला आपल्याला एका राजाचं सोनं का लागावं? शोएबुल्ला खान पुरेसे नाहीत का? आणि समोरच्या बाजूचे मेसेज वेगळे. त्यांत १७ सप्टेंबर म्हणजे मुसलमानांपासून सुटका. मी दरवर्षी त्या दिवशी झेंड्याला सलाम करतो, मनापासून करतो. भाषण सुरू झालं की मात्र कोणत्या शब्दावर मुलं मागं वळून माझ्याकडं बघतील, हे मला आधीच कळतं.

मागच्या दोन-तीन वर्षांत एक वेगळीच गोष्ट झाली आहे. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकालीन कागदांचा शोध सुरू झाला. कुणबी नोंद सापडावी म्हणून लोक पेट्या उपसू लागले. कागद उर्दूत, तेही शिकस्ता लिपीत. साल फसली, त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. वाचणार कोण? माझ्या दारात अचानक चपलांची गर्दी झाली. ज्या घरांत उर्दू म्हणजे पाकिस्तान होती, तिथली माणसं पिशवीतून कागद काढून विचारतात, "सर, यात काय लिहिलंय बघा की."

त्यांत एक दिवस बाबांचा नातू आला. प्लास्टिकच्या पिशवीत घडी पडलेला, किडीनं खाल्लेला एकच कागद. सन १३५३ फसली, म्हणजे १९४३-४४. कौमीचा रकाना नव्हताच. मी त्याला सांगितलं, यात जातीची नोंद नाही, तुझ्या कामाचा नाही हा.

तो म्हणाला, "असू द्या सर. पण आहे काय ते?"

लेव्हीची पावती होती. त्याच्या पणजोबाचं नाव, गाव पाली, ज्वारी तीन पल्ले, खाली शिक्का. मी एकेक शब्द बोटानं दाखवत वाचला.

"म्हणजे भरली होती?"

"भरली होती."

त्यानं कागदाचा फोटो काढला, घडी घातली. मग मी कपाट उघडून त्याला हाली रुपया दाखवला. त्यानं तो उजेडाकडं धरला, उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "हा आमचा का तुमचा?"

मी त्याला ऐन दाखवला.