पान्यापासून प्रमाणपत्रापर्यंत

शुक्रवारची सकाळ म्हणजे आपल्या घरांतून पोहे, चहा आणि भारतात फोन. गेल्या हिवाळ्यात मात्र माझे काही शुक्रवार दोह्यातल्या एका शिकवणीवर्गात गेले. विषय होता ‘फॅसिलिटीज मॅनेजमेंट’, म्हणजे बांधून झालेली इमारत नीट चालती ठेवण्याची विद्या. माझ्या एका बाजूला फिलिपिन्सचा इलेक्ट्रिशियन, दुसऱ्या बाजूला नेपाळचा प्लंबर, पुढच्या बाकावर केनियाची सफाई विभागाची सुपरवायझर आणि मागे आपला कोल्हापूरकडचा एसी मेकॅनिक. सगळे आठ-दहा वर्षे हेच काम करणारे. जे हाताला येते तेच पदरचे पैसे भरून पुन्हा का शिकायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना बराच इतिहास हाती लागला. तोच आज वाचकांपुढे ठेवतो.

हात आणि कागद यांची गाठ आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत गिरण्यांची धुराडी उभी राहिली आणि यंत्रे जाणणारी माणसे हवी झाली. १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली ती याच काळात; आज ती वीरमाता जिजाबाईंच्या नावाने चालते. पुढे १९२३ साली बॉयलरचा कायदा झाला आणि बॉयलर प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्याच ताब्यात असावा, असे नियम त्याखाली करता आले. कारण उघड होते. बॉयलर फुटला तर माणसे मरत. स्वातंत्र्यानंतर १९५० पासून आयटीआयची योजना आली आणि फिटर, वायरमन, टर्नर हे शब्द गावोगावच्या घरांत पोहोचले.

आता इकडे वळू. कतारमध्ये दुखान येथे १९४० च्या सुरुवातीस तेल लागले. महायुद्धामुळे विहिरी बुजवाव्या लागल्या, आणि पहिले तेल जहाजाने बाहेर गेले ते १९४९ च्या डिसेंबरअखेर, उम सईद बंदरातून. त्यालाच आपण आज मिसईद म्हणतो. आखातातल्या तेल कंपन्यांना कारकून व कारागीर लागत आणि त्यांतले बरेचसे हिंदुस्थानातून, मुंबईच्या वाटेने येत. इथले चलनही रुपयाच होते. १९५९ साली आखातासाठी वेगळा रुपया निघाला आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतर इथून रुपया गेला. म्हणजे पाना धरणारा आपला माणूस या वाळवंटाला नवा नाही.

पूर्वी या साऱ्या कामाला नुसते ‘मेंटेनन्स’ म्हणत. १९८० साली अमेरिकेत या व्यवस्थापकांची संघटना निघाली व १९८२ साली तिने ‘आंतरराष्ट्रीय’ हे नाव घेतले. ब्रिटनमधली संस्था १९९३ ची. २०१८ साली तर या कामासाठी आयएसओ ४१००१ हे जागतिक मानकच आले. हा केवळ नावाचा बदल नाही. मेंटेनन्सवाला बिघाड झाल्यावर जातो. फॅसिलिटीजवाला बिघाड होऊ नये म्हणून आधी जातो आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवतो. चिलर, पाण्याच्या टाक्या, आगीचे पंप, लिफ्ट, सफाई, कीटकनाशन, वीजबिल, कंत्राटे हे सगळे त्याच्या एका वहीत येते.

कतारमध्ये ही वही फार मोलाची आहे. इथे पिण्याचे पाणी बहुतेक सगळे समुद्राचे गोडे केलेले. जुलैच्या दुपारी पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा रुग्णालयाचा चिलर बंद पडणे ही गैरसोय नसते, जिवाशी गाठ असते. २००६ च्या आशियाई स्पर्धा, २०१४ साली सुरू झालेला हमाद विमानतळ, २०२२ च्या विश्वचषकाची आठ स्टेडियमे (त्यांतली सात नवी) हे सगळे बांधणारे हात बांधून झाल्यावर पुढे गेले. सांभाळणारे हात मात्र रोज लागतात.

मग इतकी वर्षे हे हात शिकायला का आले नाहीत? वेळ नव्हता, पैसा नव्हता, हे खरेच. पण आणखी एक कारण आपल्यापैकी जुन्या मंडळींना चांगले ठाऊक आहे, ते म्हणजे एनओसी. २००९ च्या कायद्यात मालकाची संमती नसेल तर नोकरी बदलता येत नसे. देश सोडावा लागे आणि दोन वर्षे परत येता येत नसे. अशा वेळी प्रमाणपत्र मिळवून करायचे काय? ते ट्रंकेत पडून राही आणि माणूस त्याच पगारावर. २०१५ च्या २१ क्रमांकाच्या कायद्याने, जो डिसेंबर २०१६ मध्ये अमलात आला, मुदतीचा करार संपल्यावर वाट थोडी मोकळी झाली. खरा बदल २०२० च्या १८ व १९ क्रमांकांच्या कायद्यांनी केला. एनओसीची अट गेली आणि दोन वर्षांपर्यंतच्या नोकरीला एक महिन्याची, त्यापुढे दोन महिन्यांची नोटीस पुरेशी ठरली. कायदा झाला म्हणून सगळे सुरळीत झाले असे नाही. राजीनामा देताच छळ झाल्याच्या किंवा ‘पळाला’ अशी खोटी तक्रार झाल्याच्या हकिकती त्यानंतरही आल्या आहेत. तरी शिकण्याला किंमत आली ती या दारामुळे, असे माझे मत आहे.

पण या दारापाशी सगळे सारख्या तयारीने पोहोचत नाहीत. फिलिपिन्सने १९९४ साली कौशल्यशिक्षणाचे राष्ट्रीय प्राधिकरण नेमले; तिथला कामगार बहुधा परीक्षा देऊन, कागद घेऊनच विमानात बसतो. नेपाळमध्ये अशी परिषद १९८९ पासून आहे. आपल्याकडे आयटीआयवाल्याकडे राष्ट्रीय प्रमाणपत्र असते, पण मिस्त्रीच्या हाताखाली शिकलेल्याकडे काहीच नसते. हाताने तो कोणापेक्षा कमी नाही. अर्ज भरताना मात्र मागे पडतो. वर्गातल्या त्या कोल्हापूरकराला कोणत्याही चिलरचा आवाज ऐकून दोष सांगता येई, पण इंग्रजीत पानभर अहवाल लिहायचा म्हटले की त्याला घाम फुटे. त्याच्याच वयाची ती केनियाची बाई तेवढ्या वेळात दोन पाने भरून मोकळी होई.

म्हणून आपल्या घरांसाठी दोन-तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. प्रत्येक नोकरीतून अनुभवाचे पत्र मागून घ्या, आणि त्यात यंत्रांची नावे व क्षमता लिहवून घ्या. केलेल्या कामाची स्वतःची वही ठेवा. ज्यांचे इंग्रजी चांगले आहे अशा आपल्या भगिनींनी व कॉलेजातल्या मुलांनी शुक्रवारी तासभर एखाद्या काकांना अहवाल लिहायला शिकवले, तर ते मोठेच काम होईल.

आणि एक. शाळेच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय लिहिताना ‘मेंटेनन्स’ या शब्दापाशी आपला हात अडखळतो. तो अडखळू नये. आपण गार हवेत बसून हे वाचत आहात, ती हवा याच क्षणी कोणीतरी चालू ठेवलेली आहे.