गिळण्याची आठवण

आमच्या काळेवाडीत दारात आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात, मग काम. घरात कुणी अंथरुणाला खिळलं, तरी आपला हात पहिल्यांदा पाण्याच्या चमच्याकडेच जातो. मीही तेच केलं. २०११ साली अम्मीला लकवा झाला. आठवड्यानं तिला घरी आणलं, तेव्हा तिचे ओठ सुकलेले होते. तिनं डोळ्यांनी पाणी मागितलं, मी पाजलं. ठसका लागला, आवाज पाण्यात बुडाल्यासारखा घरघरला. चौथ्या दिवशी ताप आणि न्यूमोनिया. तिला गिळता येतं का, हे घरी पाठवताना कुणी पाहिलंच नव्हतं. आणि मलाही विचारायचं सुचलं नव्हतं.

मी कविता करणारा, बी.ए. झालेला माणूस. वैद्यक मला कळत नाही, शब्द थोडे कळतात. लकवा हा शब्द अरबीतून आला. तिथं त्याचा अर्थ फक्त तोंड वाकडं होणं. अर्धं अंग लुळं पडलं तर ते ‘फालिज’. मराठीत येता येता लकव्यानं अख्खं अंग व्यापलं. आपल्याकडे वाग्भटानं मात्र ‘अष्टांगहृदया’त जिव्हास्तंभ असा वेगळा विकारच सांगितलाय. जीभ ताठरते आणि अन्न, पाणी, बोलणं, तिन्हींवरचा माणसाचा ताबा जातो. हा ग्रंथ साधारण सातव्या शतकातला. तिन्ही गोष्टी त्यानं एकत्र बसवल्या, याचं मला नवल वाटतं. आपण लकव्याच्या रुग्णाला भेटायला जातो आणि हात उचलतो का, पाय हलतो का, एवढंच विचारून येतो.

हकिमांच्या पेटीत यावर अक्कलकाढा असे. उत्तर आफ्रिकेकडची ही मुळी चघळली की जीभ झिणझिणते, तोंडाला पाणी सुटतं. आपल्याकडे बोबड्या पोरांच्या जिभेलाही ती चोळतात. पण जुन्यांना सगळं ठाऊक होतं, असं मी म्हणणार नाही. घास आत कुठून कसा जातो, हे त्यांना दिसतच नव्हतं. ते दाखवलं क्ष-किरणांनी. बेरियम घातलेला घास रुग्णाला द्यायचा आणि तो उतरताना त्याचं हलतं चित्र घ्यायचं. अमेरिकेतल्या जेरी लोगमन यांनी या तपासणीची पद्धत बसवली. त्यांचं १९८३ सालचं पुस्तक या क्षेत्रातलं पायाभूत मानलं जातं.

चित्रांतून दिसलं ते असं. पुष्कळदा घशात ताकद असते, पण घास आल्याची वर्दीच मेंदूला वेळेवर पोचत नाही. पाणी तर सगळ्यात चपळ. वर्दी पोचायच्या आत ते श्वासनलिकेत शिरतं. काहींना ठसकाही लागत नाही, म्हणून घरच्यांना कळत नाही.

मग वर्दी मोठ्यानं द्यायची! घशाच्या कमानींना बर्फात ठेवलेला छोटा आरसा टेकवायचा, ही एक रीत. १९९५ साली लोगमन आणि सहकाऱ्यांनी बेरियममध्ये लिंबाचा रस मिसळून दिला, तर आंबट घासाला गिळणं लवकर सुरू झालं. जपानमधल्या सेंदाईच्या डॉक्टरांनी १९९३ साली मिरचीतला तिखट अंश वापरून पाहिला. पुढे २००६ साली तिथल्याच संशोधकांनी वृद्धांना रोज जेवणाआधी एक मिनिट काळ्या मिरीच्या तेलाचा नुसता वास दिला, असा महिनाभर. गिळण्याची क्रिया लवकर सुरू होऊ लागली. मला हा प्रयोग सगळ्यात आवडतो. स्वयंपाकघरात फोडणी पडली की बाहेरच्या खोलीत आपण आवंढा गिळतो, हे कुणाला सांगायला नको. अर्थात हे जादूचे उपाय नाहीत. थंड स्पर्शाचा परिणाम थोड्याच घोटांपुरता टिकतो, आणि रुग्णाला गिळता येतं का हे तपासल्याशिवाय घरी असले प्रयोग करणं धोक्याचं.

अम्मीच्या न्यूमोनियावर औषध होतं. पवनेपलीकडे पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ती पेनिसिलिन बनवण्यासाठीच. औषधानं छाती मोकळी झाली. गिळणं काही औषधानं आलं नाही. त्यासाठी वाचाउपचार करणारी एक मुलगी यायची. बोबड्या मुलांना शिकवणारी बाई इथं कशाला, असं मला आधी वाटलं होतं. ती अम्मीला सरळ बसवायची, बर्फातला चमचा घशाच्या कमानीला टेकवायची, लिंबू पिळलेला दाट घास अर्धा चमचा द्यायची. ‘‘काका, पाणी सगळ्यात शेवटी,’’ असं बजावून जायची. पाचव्या आठवड्यापर्यंत मी अम्मीला पाण्याचा थेंब दिला नाही. तिच्या डोळ्यांकडे बघणंच टाळायचो.

हजहून आलेल्या मामूंनी आबे-जमजम आणलं होतं. ते त्या मुलीला भीत भीत दाखवलं. तिनं अम्मीची मान थोडी पुढं झुकवली, आधी थंड चमचा लावला, मग एक चमचा जमजम दिलं आणि गळ्यावर दोन बोटं ठेवली. कंठ वर उचलला गेला, खाली आला. ठसका नाही.

‘‘आजी, आ म्हणा,’’ ती म्हणाली. आवाज ओला येतो का, ते तिला ऐकायचं होतं.

अम्मी आ म्हणाली नाही. कोरड्या, स्वच्छ आवाजात म्हणाली, ‘‘और.’’