वाटणीचे यंत्र आणि त्याचे कारभारी

२ फेब्रुवारी १९५५ रोजी दिल्लीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये जो करार झाला आणि ज्याच्या अन्वये दुर्ग जिल्ह्यातील भिलाईच्या परिसरात दरसाल दहा लाख टन पोलाद काढणारा कारखाना उभारण्याचे ठरले, त्या करारावर सह्या झाल्या तेव्हा ह्या मुलखाचा कारभार नागपुरातून चालत होता, ही गोष्ट आज भिलाईच्या सेक्टर २ मध्ये वाढणाऱ्या पिढीच्या ध्यानात क्वचितच असते. भोसल्यांचा अंमल १८५४ साली संपला. तथापि नागपूरच्या दफ्तराची छत्तीसगडावरील हुकमत १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजधानी भोपाळला जाईपर्यंत टिकून राहिली. त्याच १९५५ सालात, पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला, लॉस एंजेलिस येथे आयबीएमची मोठी गणनयंत्रे वापरणाऱ्या काही ग्राहकांनी ‘शेअर’ नावाची एक संघटना स्थापन केली. यंत्र विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत न बसता यंत्र चालविणाऱ्यांनी आपापल्या आज्ञावल्या एकमेकांस द्याव्यात, परिषदा भरवाव्यात आणि आपल्या अडचणी कंपनीपुढे एकमुखाने मांडाव्यात, एवढाच तिचा साधा हेतू होता. ह्या दोन घटनांचा परस्परांशी कसलाही कार्यकारणसंबंध नाही. परंतु पोलादाच्या वसाहतीत राहून जो कोणी संगणकाच्या कारभाऱ्यांचा इतिहास लिहावयास बसेल, त्याला त्या शेजारी शेजारी मांडाव्याशा वाटतील, कारण स्वयंचलन म्हणजे काय आणि ते कोणाच्या हातून यावे, ह्या प्रश्नाची दोन निराळी उत्तरे त्या दोन ठिकाणी पुढे घडली.

सोव्हिएत साहाय्याचा जो ओघ भिलाईला आला, त्याचीच दुसरी धारा युनेस्कोच्या द्वारे पवईला पोचली होती. १९५८ साली सुरू झालेल्या मुंबईच्या आयआयटीत साठच्या दशकात मिन्स्क-२ हे रशियन गणनयंत्र आले आणि सत्तरच्या दशकात त्याच्या पाठोपाठ ईसी-१०३० आले. हे दुसरे यंत्र आयबीएमच्या ३६० मालिकेशी सुसंगत राहील अशा बेताने समाजवादी देशांनी मिळून घडविलेल्या मालिकेपैकी होते. त्या काळातील संगणक-कक्षाचे वर्णन करावयाचे तर ते यंत्रापेक्षा माणसाचेच करावे लागते, कारण एका यंत्राची शेकडो धन्यांमध्ये वाटणी करण्याचे जे काम आज एक अदृश्य आज्ञावली पार पाडते, ते त्या काळी आपल्या देशात चालक, म्हणजे ऑपरेटर, स्वतःच्या हातांनी पार पाडीत असे.

ह्या हातकामातील एक-दोन गोष्टी जवळून पाहण्याजोग्या आहेत. ऐंशी स्तंभांच्या छिद्रित पत्त्यांवर, म्हणजे पंच कार्डांवर, लिहिलेला कार्यक्रम ही पाचपन्नास किंवा पाचशे पत्त्यांची गड्डी असे, आणि तिचा क्रम बिघडला म्हणजे सगळे काम वाया जात असे. म्हणून जाणता माणूस गड्डी घट्ट दाबून तिच्या कडेवर स्केच पेनने एक तिरकी रेघ ओढून ठेवीत असे. गड्डी हातातून पडून पत्ते विखुरलेच, तर ती रेघ पुन्हा सलग होईपर्यंत पत्ते लावीत बसावयाचे, आणि ती सलग झाली की क्रम बरोबर आला असे समजावयाचे. चुंबकीय फितीच्या चक्राच्या पाठीमागे खाचेत बसणारे प्लास्टिकचे एक कडे असे. ते कडे लावले तरच फितीवर लिहिता येई. काढून घेतले की फीत केवळ वाचता येई. कोणाच्या फितीला कडे लावावयाचे आणि कोणाच्या नाही, हे ठरविणे म्हणजे एखाद्या सुभ्याच्या खजिन्याची किल्ली सांभाळण्यासारखेच होते, आणि ते काम रात्रपाळीला एकटा बसलेला चालक विनातक्रार करीत असे. खिडकीवर आलेल्या गड्ड्यांची नोंदवहीत नोंद करणे, पगारपत्रकाच्या कामाला अग्रक्रम देऊन विद्यार्थ्यांचे काम मागे ठेवणे, भलत्याच फेऱ्यात सापडून न संपणारा कार्यक्रम ओळखून तो थांबविणे, आणि दुसऱ्या दिवशी ज्याचे त्याला छापील कागद परत करणे, एवढे सगळे त्याच्या अखत्यारीत होते. आभासी यंत्राचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक ह्या माणसाला वगळून थेट परदेशातील प्रयोगशाळांपासून आरंभ करतात. मला ते अन्यायाचे वाटते. एकाच यंत्रावर प्रत्येकाला आपापल्या पुरते संपूर्ण यंत्र मिळाल्याचा भास निर्माण करणे हे जर ह्या विद्येचे सार असेल, तर आपल्याकडे तो भास प्रथम ह्या चालकांनी निर्माण केला आणि त्याचे मोल स्वतःच्या झोपेने चुकविले.

परदेशात मात्र त्याच सुमारास ही वाटणी यंत्राच्याच अंगी उतरविण्याचा उद्योग आरंभिला गेला होता. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील आयबीएमच्या वैज्ञानिक केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांनी १९६४ च्या अखेरीस सीपी-४० नावाच्या नियंत्रण-आज्ञावलीचे काम हाती घेतले आणि १९६७ च्या जानेवारीत ती नित्य वापरात आली. तिच्या योगाने एका यंत्रावर चौदा माणसे एकाच वेळी काम करीत, आणि प्रत्येकाला आपल्यापुढे ३६० जातीचे एक संपूर्ण, स्वतंत्र यंत्र असल्याचा प्रत्यय येई. एकाचा कार्यक्रम कोसळला तरी शेजाऱ्याला त्याची वार्ता लागत नसे. हाच वंश पुढे सीपी-६७ आणि २ ऑगस्ट १९७२ रोजी जाहीर झालेल्या व्हीएम/३७० पर्यंत वाढला. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग ह्या दोघांनी अशा विभाजनासाठी यंत्राच्या अंगी कोणते गुण असले पाहिजेत, ह्याच्या अटी नेमक्या शब्दांत मांडल्या. त्यांचे सार असे की, ज्या आज्ञेने यंत्राच्या मूळ स्थितीला हात लागतो, त्या प्रत्येक आज्ञेच्या वेळी वरच्या कारभाऱ्याला खबर पोचलीच पाहिजे.

परंतु मला महत्त्वाची वाटते ती पुढची हकीकत. एका यंत्राची अनेक आभासी यंत्रे झाली, त्याबरोबर ती सुरू करणे, बंद करणे, त्यांच्या नोंदी ठेवणे आणि रात्री प्रती काढणे हे कष्टही अनेक पटींनी वाढले. त्यावर आयबीएमच्या इंग्लंडमधील शाखेत काम करणाऱ्या माइक काउलिशॉ यांनी १९७९ पासून, नेमून दिलेल्या कामाबाहेरच्या स्वतःच्या वेळात, रेक्स नावाची एक सुटसुटीत भाषा रचण्यास प्रारंभ केला. तिचे कच्चे रूप कंपनीच्या अंतर्गत जाळ्यावरून देशोदेशीच्या सहकाऱ्यांकडे जाई, त्यांच्या सूचना आणि तक्रारी परत येत, आणि त्यांनुसार भाषा घडत व बदलत जाई. १९८१ साली ह्यूस्टन येथे भरलेल्या ‘शेअर’च्या छपन्नाव्या परिषदेत तिचे पहिले जाहीर विवेचन झाले. ह्या धंद्याच्या परिषदांचा इतिहास लिहिताना कोणत्या नव्या वस्तूची कोठे घोषणा झाली ह्याची जंत्री देण्याची चाल पडली आहे; परंतु माझ्या मते ह्यूस्टनचा तो प्रसंग त्या सगळ्या जंत्रीपेक्षा अधिक वजनाचा आहे, कारण कष्ट वाचविणारे हत्यार, ते वापरून पाहणाऱ्यांनी सुचविलेल्या दुरुस्त्यांनिशी, तेथे यंत्र चालविणाऱ्यांच्याच सभेपुढे ठेवले गेले.

भिलाईकडे वळावे तर नेमक्या ह्याच काळात येथे स्वयंचलनाचा अगदी निराळा वाद पेटला होता. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणींत हजारो ठेकेदारी मजूर हाताने खनिज फोडीत आणि ट्रकांत भरीत. १९७८-७९ च्या सुमारास तेथे संपूर्ण यांत्रिकीकरणाची योजना पुढे आली, तेव्हा शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील छत्तीसगड माइन्स श्रमिक संघाने नुसता विरोध करून न थांबता अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला. कोणते काम यंत्राने करावे आणि कोणते माणसाकडे राहू द्यावे, ह्याची मांडणी खुद्द मजुरांच्या संघटनेने केली होती. नियोगींनी भिलाईच्या कारखान्यात स्वतः काम केलेले होते, आणि २८ सप्टेंबर १९९१ रोजी ह्याच भिलाईत त्यांचा खून झाला. दल्लीच्या ह्या वादाच्याही आधी केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नासाठी पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती आणि तिचा अहवाल १९७२ साली सादर झाला होता. म्हणजे कचेरीतील गणनयंत्र असो की खाणीतील शक्तिचालित फावडे असो, तो निर्णय कोणी घ्यावयाचा ह्या प्रश्नाची जाणीव आपल्या देशाला पुष्कळ आधीपासून होती. ‘शेअर’च्या सभासदांना मिळालेली मुभा दल्लीच्या मजुरांना झगडून मागावी लागली, हा भेद मला ह्या सगळ्या इतिहासाचा गाभा वाटतो.

१९७८ साली परकीय चलन नियमन कायद्याखाली भांडवलातील हिस्सा कमी करण्यास नकार देऊन आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला, आणि मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी ह्या सरकारी कंपनीकडे आली. आपल्या चालकांचा आणि त्या परदेशी परिषदांचा जो काही अल्पस्वल्प संबंध होता, तोही त्यामुळे विरळ झाला. पुढची वीस वर्षे आपण झपाट्याने ओलांडू शकतो, कारण त्या काळात स्वस्त, छोट्या यंत्रांच्या पुरापुढे वाटणीची गरजच जगभर मागे पडली होती. प्रत्येक कामासाठी एक वेगळे यंत्र विकत घ्यावयाचे आणि त्याचा दहावा हिस्साही न वापरता ते चालू ठेवावयाचे, अशी उधळपट्टी सर्वत्र रूढ झाली.

तिला आळा बसला तो स्टॅनफर्ड विद्यापीठातून. छोट्या यंत्रांतील इंटेलच्या प्रोसेसरच्या घडणीत पोपेक-गोल्डबर्ग यांच्या अटी मोडणाऱ्या सतरा आज्ञा होत्या. त्या चालू असताना वरच्या कारभाऱ्याला खबरच पोचत नसे. मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा आज्ञा चालण्यापूर्वीच त्यांचे रूपांतर करण्याची युक्ती योजिली, आणि १९९८ साली डायान ग्रीन यांच्यासह व्हीएमवेअर ही कंपनी स्थापन केली. २००३ साली त्यांनी व्हीमोशन ही सोय आणली. चालू असलेले आभासी यंत्र एका खऱ्या यंत्रावरून दुसऱ्यावर हलविताना त्याच्या स्मृतीची पाने प्रथम जशीच्या तशी पलीकडे उतरविली जातात. उतरवीत असताना जी पाने बदलली तेवढीच पुन्हा पाठविली जातात. असे करता करता बदललेली पाने अगदी थोडी उरली की क्षणभर यंत्र थांबवून तेवढी नेली जातात आणि काम पलीकडे पुढे सुरू होते. वापरणाऱ्याला ह्याचा पत्ताही लागत नाही. २००४ साली सॅन डिएगो येथे ह्या विद्येची स्वतंत्र परिषद, व्हीएमवर्ल्ड, प्रथम भरली.

आमच्या सेक्टर २ मधील शेजारच्या क्वार्टरातला एक मुलगा पुण्याच्या एका कंपनीची अशी यंत्रे येथूनच, रात्रीच्या वेळी सांभाळतो. एकदा मी त्याच्या शेजारी बसून ते काम पाहिले. काळ्या पडद्यावर त्याने ‘गेट-व्हीएम’ ही आज्ञा लिहिली, तिच्यापुढे एक उभी रेघ काढली, रेघेपलीकडे ‘मूव्ह-व्हीएम’ लिहिले आणि गंतव्य यंत्राचे नाव दिले. एका यंत्रावरील सारा संसार दुसऱ्यावर गेला, रिकाम्या यंत्रावर दुरुस्त्या चढल्या, ते पुन्हा सुरू झाले आणि पाळी पुढच्या यंत्राची आली. त्याला मी विचारले की, तुझे हात तर स्वस्थच आहेत, मग तू जागा का? तो म्हणाला, “काका, हात लावायचा नाही म्हणूनच जागं राहावं लागतं. कुठं अडकलं तर ते थांबवायचं की नाही, एवढं मीच ठरवायचं असतं.”

त्याच्या त्या आज्ञा ज्या संचातल्या, तो पॉवरसीएलआय ह्या नावाने २००९ पासून ओळखला जातो. त्याच्या भोवती कारभाऱ्यांनी स्वतः रचलेल्या साधनांचे जे भांडार जमले, ते ‘शेअर’च्या परंपरेचाच वारसा आहे. पुढे व्हीएमवेअरमध्ये रुजू झालेल्या अ‍ॅलन रेनूफ यांनी रचलेली व्हीचेक ही आज्ञावली सकाळी कामावर येण्यापूर्वीच आदल्या दिवसातील सारे बिघाड एका अहवालात मांडून ठेवी, आणि ती जगभरच्या कचेऱ्यांत विनामूल्य वापरली गेली. ऑस्लो येथील मार्क बर्जेस यांच्या १९९३ च्या सीएफइंजिनपासून २०१२ च्या अ‍ॅन्सिबलपर्यंत दुसरी एक शाखाही वाढत गेली. तिच्यात कृतीची यादी न देता अपेक्षित स्थिती लिहून ठेवावयाची असते, आणि तो दस्तऐवज कितीही वेळा चालविला तरी परिणाम एकच येतो.

२०२२ साली व्हीएमवर्ल्डचे नाव बदलून व्हीएमवेअर एक्सप्लोर झाले. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही कंपनीच विकत घेतली, आणि महिन्याभरातच कायमचे परवाने विकणे बंद करून वर्गणीची पद्धत आली. तेव्हापासून पुष्कळ कचेऱ्या लिनक्सच्या गाभ्यात २००७ पासून समाविष्ट असलेल्या केव्हीएमकडे वळण्याचा विचार करीत आहेत. आमच्या शेजारच्या मुलाच्या कंपनीनेही तसे ठरविले आहे. नव्या व्यवस्थेत त्याच्या जुन्या आज्ञा चालणार नाहीत, म्हणून सध्या तो रोज रात्री काम आटोपल्यावर जुन्या आज्ञावल्यांतील एकेक ओळ घेऊन, ती कोणत्या बिघाडानंतर आणि कोणाच्या सांगण्यावरून लिहिली होती, ते वहीत टिपून ठेवतो, आणि मगच नव्या भाषेतील ओळ लिहितो.